करंट का उतरला? स्रावी एपिथेलियममधल्या रिसेप्टरची बधिरता मोजण्याची रीत

पेशींचा थर उसिंग चेंबरमध्ये (थरातून वाहणारा करंट मोजणारी पेटी) लावला, अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टरला जागा करणारं रसायन) घातला, करंट झपाट्याने चढला आणि दहा मिनिटांत खाली आला. धुऊन पुन्हा तोच डोस दिला तर उसळी निम्मीच. नवीन माणूस इथेच वहीत ‘रिसेप्टर डिसेन्सिटाइझ झाला’, म्हणजे बधिर झाला, असं लिहितो. पण तुम्ही मोजलाय तो क्लोराइडचा करंट, आणि रिसेप्टर आहे बऱ्याच पायऱ्या वर. उतार त्यातल्या कुठल्याही पायरीवर लागलेला असू शकतो. तो नेमका कुठे लागला हे शोधण्याचा क्रम पुढे दिला आहे. आतडं, श्वासनलिका, लाळग्रंथी, स्वादुपिंडाच्या नलिका अशा द्रव स्रवणाऱ्या कुठल्याही एपिथेलियमला तो लागू पडतो. आकडे मुख्यतः टी८४ (मोठ्या आतड्याच्या) आणि कालू-३ (श्वासमार्गाच्या) या पेशीवाणांना धरून आहेत.

१. आधी साखळी कागदावर काढा

सायक्लिक एएमपीचा मार्ग असा: अ‍ॅगोनिस्ट, रिसेप्टर, जीएस प्रोटीन, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज, सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज ए आणि शेवटी वरच्या पडद्यातली सीएफटीआर ही क्लोराइडची वाहिनी. पण वाहिनी उघडली म्हणून क्लोराइड वाहत नाही. तो खालच्या पडद्यातल्या एनकेसीसी१ या वाहकातून आत यावा लागतो, सोडियम-पोटॅशियम पंप चालू असावा लागतो आणि खालच्या पोटॅशियम वाहिन्यांनी पेशीचं व्होल्टेज ऋण ठेवावं लागतं. यातलं एक जरी अडलं तरी करंट उतरतो, रिसेप्टर ठणठणीत असला तरी.

रिसेप्टरच्या बधिरतेचे प्रकारही वेगळे मांडा, कारण प्रत्येकाची वेळ निराळी आहे:

- जोडणी सुटणे: जीआरके कायनेज रिसेप्टरवर फॉस्फेट बसवतं, त्यावर बीटा-अरेस्टिन चिकटतं आणि जी प्रोटीनशी संबंध तुटतो. काही सेकंद ते काही मिनिटं.
- आत ओढला जाणे: क्लॅथ्रिनच्या खळग्यांतून रिसेप्टर पडद्यावरून पेशीत जातो. मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत.
- संख्या घटणे: लायसोसोममध्ये रिसेप्टर मोडला जातो किंवा नवा बनणं कमी होतं. काही तास ते एक दिवस.

ज्या रिसेप्टरला अ‍ॅगोनिस्ट लागला त्याचाच प्रतिसाद गेला तर ती होमोलॉगस बधिरता. प्रोटीन कायनेज ए किंवा सी मुळे शेजारचे, अ‍ॅगोनिस्ट न लागलेले रिसेप्टरही मंदावले तर हेटरोलॉगस. सगळा प्रयोग शेवटी या दोन्हींत आणि ‘रिसेप्टरच्या खालचा बिघाड’ या तिसऱ्या शक्यतेत निवाडा करण्यासाठी असतो.

२. पेशी आणि बाजू ठरवा

व्हीआयपी (एक पेप्टाइड) आणि कार्बाकॉल (अ‍ॅसिटिलकोलीनसारखं औषध) खालच्या, म्हणजे बेसोलॅटरल बाजूने द्यायचे. श्वासनलिकेच्या पेशींत यूटीपी वरच्या बाजूने दिला की पी२वाय२ रिसेप्टर जागा होतो. अ‍ॅडेनोसिनचे ए२बी रिसेप्टर टी८४ मध्ये दोन्ही बाजूंना असतात, म्हणून एका बाजूच्या रिसेप्टरची बधिरता दुसऱ्या बाजूने झाकली जाऊ शकते. अ‍ॅडेनोसिन वापरत असाल तर दोन्ही बाजू स्वतंत्र तपासा.

रिसेप्टरचा उपप्रकारही आधी नक्की करा. प्रोस्टाग्लँडिन ई२ साठी ईपी२ आणि ईपी४ हे दोन्ही सायक्लिक एएमपी वाढवतात, पण ईपी४ लवकर बधिर होतो आणि ईपी२ बराच टिकून राहतो. दोन्ही असलेल्या पेशीत ‘अर्धवट बधिरता’ दिसते. प्रत्यक्षात एक थकलेला असतो आणि दुसरा काम करत असतो.

३. साहित्य

- उसिंग चेंबर, व्होल्टेज क्लँप, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड, ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडमधले ३ ते ४ टक्के अगारचे ब्रिज
- चेंबरमध्ये बसणारे सच्छिद्र इन्सर्ट (स्नॅपवेलचं क्षेत्रफळ साधारण १.१२ चौ. सेमी)
- बफर, मिलिमोलारमध्ये: सोडियम क्लोराइड १२०, सोडियम बायकार्बोनेट २५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.३, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.८, मॅग्नेशियम क्लोराइड १.२, कॅल्शियम क्लोराइड १.२, ग्लुकोज १०
- ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ३७ अंश सेल्सिअसचं पाण्याचं जॅकेट
- अ‍ॅगोनिस्ट; शिवाय फोर्स्कोलिन (रिसेप्टरला वगळून थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू करणारं), कार्बाकॉल, अ‍ॅट्रोपिन, थॅप्सिगार्जिन, बुमेटानाइड, अमिलोराइड, इंडोमेथासिन

बायकार्बोनेटचा बफर गॅस सोडल्याशिवाय ७.४ पीएचवर राहत नाही. कॅल्शियम क्लोराइड शेवटी, गॅस सुरू असताना घाला. आधी घातलं तर द्रावण दुधाळ होतं आणि ते फेकावंच लागतं. आतड्याच्या ऊतीसाठी वरच्या बाजूच्या बफरमध्ये ग्लुकोजऐवजी १० मिलिमोलार मॅनिटॉल घाला. नाहीतर ग्लुकोजसोबत आत जाणाऱ्या सोडियमचा करंट तुमच्या क्लोराइडच्या करंटमध्ये मिसळतो.

थॅप्सिगार्जिन हाताळताना हातमोजे घालाच. ते ट्यूमर वाढीला चालना देणारं रसायन आहे.

४. थर वाढवा, आणि माध्यमात काय आहे ते वाचा

टी८४ साठी दर चौ. सेमीला पाच ते दहा लाख पेशी टाकल्या तर थर एक ते दोन आठवड्यांत घट्ट होतो. थराचा विद्युत रोध १००० ओहम-चौ. सेमीच्या वर गेल्याशिवाय इन्सर्ट वापरू नका. कालू-३ चा रोध यापेक्षा कमी असतो. तिथे नेहमीच्या बॅचचा आकडा हाच निकष.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारा मुद्दा. प्राथमिक श्वासनलिका-पेशींच्या वाढमाध्यमाच्या पूरकांत बहुधा एपिनेफ्रिन असतं. प्रचलित पाककृतीत ते ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे जवळजवळ २.७ मायक्रोमोलार. बीटा-२ रिसेप्टरला हा घसघशीत डोस आहे, आणि माध्यम बदलाल तेव्हा तो नव्याने मिळतो. अशा पेशींवर आयसोप्रोटेरेनॉल (बीटा रिसेप्टरचा अ‍ॅगोनिस्ट) घालून ‘या पेशींत बीटा-२ चा प्रतिसादच कमी आहे’ असं म्हणणं म्हणजे थकलेल्या रिसेप्टरला नवा समजणं आहे. पूरकांच्या बाटलीवरची यादी वाचा, एपिनेफ्रिन वगळून माध्यम बनवा आणि निदान १ ते २ दिवस पेशी त्यात ठेवा. सीरममध्येही संप्रेरकं असतात. प्रयोगाआधी १२ ते २४ तास सीरमविना ठेवलं तर बेसलाइन स्थिर मिळते.

पेशी स्वतःही अ‍ॅगोनिस्ट सोडतात. प्रोस्टाग्लँडिन थांबवायला इंडोमेथासिन (१ ते १० मायक्रोमोलार), साचलेलं अ‍ॅडेनोसिन मोडायला अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज (साधारण १ युनिट प्रति मिली). मात्र तुमचा अ‍ॅगोनिस्टच अ‍ॅडेनोसिन असेल तर हे एन्झाइम धुऊन काढल्याशिवाय डोस देऊ नका.

५. चेंबर बसवा

१९५१ मध्ये हान्स उसिंग आणि कार्ल झेरान यांनी बेडकाच्या कातडीवर जे केलं तेच आजही करायचं आहे: दोन्ही बाजूंना सारखाच बफर, थरावरचं व्होल्टेज शून्यावर धरायचं आणि त्यासाठी लागणारा करंट मोजायचा. क्रम असा:

१. पेशी नसलेलं इन्सर्ट लावा, इलेक्ट्रोडमधला फरक शून्य करा आणि द्रवाचा रोध भरपाईत टाका.
२. पेशींचं इन्सर्ट लावा आणि दोन्ही बाजूंना सारखं आकारमान भरा, समजा ५ मिली. पातळीत फरक राहिला तर दाबाने थर उचलला जातो.
३. दर ३० ते ६० सेकंदांनी २ मिलिव्होल्टचा छोटा पल्स द्या. करंट २ मायक्रोअ‍ॅम्पियर प्रति चौ. सेमीने हलला तर रोध १००० ओहम-चौ. सेमी.
४. २० ते ३० मिनिटं थांबा. बेसलाइन सरकत असताना काहीही घालू नका.

पल्स संपूर्ण प्रयोगभर चालू ठेवा. करंट उतरताना रोधही कोसळत असेल तर ती बधिरता नव्हे. इन्सर्टच्या कडेला थर फाटला आहे. दुसरीकडे, ब्रिजमध्ये हवेचा बुडबुडा आला की करंट एकदम उडी मारतो. औषधाचा परिणाम असा काटकोनात कधीच येत नाही.

श्वासनलिकेच्या पेशींत सुरुवातीलाच वरून १० मायक्रोमोलार अमिलोराइड घालून सोडियमचा करंट बंद करा. शेवटी खालून बुमेटानाइड (१० ते १०० मायक्रोमोलार) घाला. त्याने जेवढा करंट पडतो तेवढाच एनकेसीसी१ मधून आलेल्या क्लोराइडचा. हा भाग मोजल्याशिवाय एकूण करंटला क्लोराइडस्राव म्हणू नका.

६. डोस ठरवा: इथे बहुतेकांचा प्रयोग फसतो

सवयीने सगळे कमाल डोस देतात. बधिरता तपासायची असेल तर तोच डोस तुम्हाला फसवतो.

कारण असं. बऱ्याच एपिथेलियममध्ये गरजेपेक्षा जास्त रिसेप्टर असतात आणि करंटची कमाल मर्यादा रिसेप्टर ठरवत नाही, खालचा एनकेसीसी१ आणि पोटॅशियम वाहिन्या ठरवतात. समजा १०० पैकी २० रिसेप्टर जागे झाले तरी करंट कमाल गाठतो. बधिरतेने ६० रिसेप्टर गेले तरी उरलेले ४० कमाल करंट देतात, आणि तुम्ही ‘काही फरक नाही’ असं नोंदवता. डोसचा आलेख मात्र उजवीकडे सरकलेला असतो आणि तो सरकलेला तुम्ही पाहिलेलाच नसतो.

म्हणून आधी न हाताळलेल्या थरांवर पूर्ण डोस-प्रतिसाद आलेख काढा आणि निम्मा प्रतिसाद देणारा डोस, म्हणजे ईसी५०, तुमच्याच पेशींत शोधा. दुसरं आव्हान (बधिरता आणणाऱ्या पूर्व-डोसनंतरचा चाचणीचा डोस) त्या डोसने द्या. जमेल तिथे पूर्व-डोस दिलेल्या थरांचाही अख्खा आलेख काढा. ईसी५० उजवीकडे सरकून कमाल तशीच राहिली तर राखीव रिसेप्टरांनी निभावून नेलं आहे. कमालही खाली आली तर राखीव संपले, किंवा दोष खाली आहे.

एकाच थरावर वाढत्या डोसांची मालिका देऊ नका. प्रत्येक डोस पुढच्यासाठी बधिरता तयार करतो. एक थर, एक डोस. इन्सर्ट जास्त लागतात, पण पर्याय नाही.

औषधांच्या काही खोडी: व्हीआयपी प्लास्टिकला चिकटतं, म्हणून ते ०.१ टक्के अल्ब्युमिनमध्ये विरघळवा. आयसोप्रोटेरेनॉल हवेत ऑक्सिडाइझ होऊन गुलाबी पडतं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लासह ताजंच बनवा. अ‍ॅसिटिलकोलीनला एस्टरेज मोडतं, म्हणून कार्बाकॉल वापरतात. एटीपी आणि यूटीपीला पेशींच्या पृष्ठभागावरची एन्झाइमं तोडतात. अ‍ॅगोनिस्टच नाहीसा झाला तरी करंट उतरतोच, आणि आलेखावर तो बधिरतेसारखाच दिसतो. ताडून पाहायची सोपी युक्ती: करंट उतरलेल्या चेंबरमधला द्रव काढून ताज्या थरावर घाला. ताजा थर नेहमीसारखा उसळला तर अ‍ॅगोनिस्ट जिवंत आहे.

७. दोन डोसांचा प्रयोग

एकाच बॅचचे, रोध जुळणारे थर घेऊन चार गट करा:

- अ: पूर्व-डोसच्या जागी नुसतं द्रावक, मग ईसी५० चं आव्हान
- आ: अ‍ॅगोनिस्टचा पूर्व-डोस, मग त्याच अ‍ॅगोनिस्टचं आव्हान
- इ: अ‍ॅगोनिस्टचा पूर्व-डोस, मग त्याच दूताचा (सायक्लिक एएमपीसारख्या पेशीतल्या संदेशवाहकाचा) पण वेगळ्या रिसेप्टरचा अ‍ॅगोनिस्ट
- ई: अ‍ॅगोनिस्टचा पूर्व-डोस, मग नुसतं द्रावक

प्रत्येक गटाच्या शेवटी १० मायक्रोमोलार फोर्स्कोलिन, मग बुमेटानाइड. डीएमएसओ (औषधांचं द्रावक) सगळीकडे सारखंच, ०.१ टक्क्यापर्यंत.

पूर्व-डोस ३० मिनिटांपर्यंतचा असेल तर चेंबरमध्येच द्या. त्याहून लांब असेल तर इन्क्युबेटरमध्ये देऊन नंतर थर लावा. गट ‘अ’ ने तेवढाच वेळ त्याच जागी काढलेला असला पाहिजे. ऊती तासागणिक मंदावते, आणि ताज्या कंट्रोलशी तुलना केली तर ते मंदावणं बधिरतेच्या खात्यात जमा होतं.

धुताना हिशेब करा. दर वेळी ९० टक्के द्रव बदलला तर तीन वेळांनी औषध हजारपट विरळ होतं. कार्बाकॉलला तेवढं पुरतं. १०० नॅनोमोलार व्हीआयपी दिलं असेल तर तीन वेळांनंतरही ०.१ नॅनोमोलार उरतं, म्हणून पाच वेळा धुवा. साल्मेटेरॉल आणि फोर्स्कोलिन पडद्यात मुरतात. ते धुऊन जातील असं गृहीत धरून प्रयोग आखू नका. करंट बेसलाइनला आल्यावरच दुसरं आव्हान.

उदाहरणादाखल: गट ‘अ’ मध्ये ईसी५० डोसने २० मायक्रोअ‍ॅम्पियर प्रति चौ. सेमी आले, गट ‘आ’ मध्ये ८, आणि फोर्स्कोलिनखाली दोन्हींत ४०. म्हणजे ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर घसरण, आणि खालची यंत्रणा शाबूत. पण ‘आ’ मध्ये फोर्स्कोलिनही १६ वर आला असता तर गुणोत्तर पुन्हा ५० टक्केच निघालं असतं आणि बिघाड कागदावरून गायब झाला असता. म्हणून गुणोत्तरासोबत मूळ आकडे नेहमी द्या.

८. दोष कुठे आहे ते वाचा

‘आ’ घटला, ‘इ’ आणि फोर्स्कोलिन पूर्ण: होमोलॉगस बधिरता. ‘आ’ आणि ‘इ’ दोन्ही घटले, फोर्स्कोलिन पूर्ण: हेटरोलॉगस, किंवा जीएसच्या पातळीवर काही. तिन्ही घटले: सायक्लेज आणि त्याच्या खाली बघा. तिथे पेशीत शिरणारं सायक्लिक एएमपीचं रूप, उदा. ८-सीपीटी-सीएएमपी, द्या. त्याने करंट पूर्ण आला तर सायक्लेज मंदावलं आहे किंवा सायक्लिक एएमपी मोडणारं फॉस्फोडायएस्टरेज वाढलं आहे. लांबलेल्या उत्तेजनानंतर हे एन्झाइम वाढणं नेहमीचंच. त्यानेही आला नाही तर वाहिनी, एनकेसीसी१ किंवा पोटॅशियमची बाजू पाहा. नायस्टॅटिनने खालचा पडदा सच्छिद्र करून क्लोराइडचा उतार दिला की वरच्या पडद्याची वाहकता एकटी मोजता येते.

फोर्स्कोलिन रिसेप्टरपासून पूर्ण अलिप्त नसतं. मोकळ्या जीएस-अल्फासोबत त्याचा जोर वाढतो, त्यामुळे पेशींचं स्वतःचं प्रोस्टाग्लँडिन थांबवणारं चौथ्या पायरीतलं इंडोमेथासिन विसरलात तर हा कंट्रोलही हलतो.

कॉलरा टॉक्सिन इथे फार बोलका पुरावा देतं. ते जीएस-अल्फावर एडीपी-रायबोज बसवून त्याला चालू स्थितीत अडकवतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या विलंबाने करंट चढतो आणि चढलेलाच राहतो, कारण जीआरके आणि अरेस्टिनचा ब्रेक रिसेप्टरवर लागतो आणि हे विष रिसेप्टरला वळसा घालून गेलेलं असतं. कॉलऱ्यात आतड्यातला स्राव आपोआप का थांबत नाही याचं एक कारण हेच.

९. कॅल्शियमच्या मार्गावरचा सापळा

टी८४ वर १०० मायक्रोमोलार कार्बाकॉल खालून घाला. एम३ रिसेप्टरमधून कॅल्शियम वाढतं, खालच्या पोटॅशियम वाहिन्या उघडतात, करंट दोन-एक मिनिटांत शिखरावर जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत बेसलाइनकडे येतो. धुऊन पुन्हा कार्बाकॉल दिला तर जवळजवळ काहीच नाही. रिसेप्टरच्या बधिरतेचं याहून सुबक चित्र मिळणार नाही, आणि नेमका इथेच तो निष्कर्ष अपुरा ठरतो.

अ‍ॅट्रोपिनने (१ मायक्रोमोलार) रिसेप्टर बंद करा आणि थॅप्सिगार्जिन (२ मायक्रोमोलार) घाला. ते पेशीतल्या साठ्याचा कॅल्शियम पंप बंद करून रिसेप्टरविना कॅल्शियम वाढवतं. काही मिनिटं आधी कार्बाकॉल लागलेल्या थरात कॅल्शियम वाढतं, पण क्लोराइडचा करंट फारसा येत नाही. म्हणजे ब्रेक कॅल्शियमच्याही खाली आहे. टी८४ मध्ये यामागे इनोसिटॉल ३,४,५,६-टेट्राकिसफॉस्फेट असल्याचं १९९४ मध्ये दाखवलं गेलं. त्याच्या जोडीला ईजीएफ रिसेप्टरमार्गे ईआरके कायनेजची वाटही स्राव दाबते. त्याखेरीज एम३ रिसेप्टरही बधिर झाला असेल, नसेल. करंटवरून ते सांगता येत नाही. फ्युरा-२ या चमकणाऱ्या रंगाने कॅल्शियम मोजा आणि दुसऱ्या कार्बाकॉलला कॅल्शियम वाढतं का ते पाहा. न वाढलं तरच रिसेप्टरच्या पातळीवर बोट ठेवा.

१०. करंटपलीकडचा पुरावा

सायक्लिक एएमपी एलायझाने मोजा, फॉस्फोडायएस्टरेज-रोधकासह आणि त्याविना, दोन्ही. रोधक कायम घातला तर एन्झाइममधली वाढ दिसतच नाही. आयबीएमएक्स हा रोधक अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टरही अडवतो, तेव्हा ए२बी वर काम असेल तर रोलिप्रॅम घ्या.

पृष्ठभागावरचे रिसेप्टर मोजायला पाण्यात विरघळणारा, पडदा न ओलांडणारा लायगँड ४ अंशांवर वापरा: मस्कॅरिनिकसाठी ट्रिशियमयुक्त एन-मिथाइलस्कोपोलामिन, बीटासाठी सीजीपी-१२१७७. एकूण संख्येसाठी पडद्यातून जाणारा लायगँड, उदा. क्यूएनबी. पृष्ठभागावरचे घटले आणि एकूण तेवढेच राहिले तर रिसेप्टर आत गेले आहेत. दोन्ही घटले तर मोडले आहेत. दोन्ही तसेच असून प्रतिसाद गेला तर जोडणी सुटली आहे.

रोधकांवर जपून विसंबा. एच-८९ प्रोटीन कायनेज ए थांबवतं, पण बीटा-२ रिसेप्टरलाही अडवतं, त्यामुळे बीटा-२ च्या बधिरतेचा निवाडा त्याने करू नका. क्लॅथ्रिन रोखायला ०.४५ मोलार सुक्रोज घालण्याची जुनी पद्धत स्रावी थरांत नकोच. पेशी आकसतात आणि आकसल्याने एनकेसीसी१ स्वतःहून जागा होतो. जीआरके२ साठी कंपाउंड १०१ बरं. त्यातही एका रोधकावर निष्कर्ष उभा करू नका.

११. परत येण्याची वेळ मोजा

धुतल्यानंतर १०, ३०, ६०, १२० मिनिटं आणि २४ तासांनी, प्रत्येक वेळेसाठी वेगळे थर घेऊन आव्हान द्या. अर्ध्या-एक तासात प्रतिसाद परतला आणि सायक्लोहेक्झिमाइडने (नवी प्रथिनं बनणं थांबवणारं; १० मायक्रोग्रॅम प्रति मिली) तो अडला नाही, तर आत गेलेले रिसेप्टर फॉस्फेट उतरवून पडद्यावर परतले आहेत. प्रतिसाद यायला दिवस लागला आणि सायक्लोहेक्झिमाइडने तो थांबला, तर रिसेप्टर मोडले होते आणि नवे बनावे लागले. सायक्लोहेक्झिमाइडने थराचा रोधही पडू शकतो, म्हणून त्याचा एकट्याचा कंट्रोल हवाच.

एका बॅचमधले सहा इन्सर्ट म्हणजे सहा प्रयोग नव्हेत, तो एकच. निदान तीन वेगळ्या पॅसेजमधून (पेशी पुन्हा पेरण्याच्या फेऱ्यांतून), आणि प्राथमिक पेशी असतील तर वेगळ्या दात्यांकडून, तोच कल आला तरच तो मांडा. नोंदवहीत प्रत्येक थराचा पॅसेज, रोध, माध्यमाचा लॉट आणि शेवटचं माध्यम कधी बदललं ती वेळ लिहा. एपिनेफ्रिनचा घोळ पुढे कधी निघालाच तर तो या शेवटच्या रकान्यातूनच सापडतो.